मांडीवरचा राजहंस

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले ते आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला. म्हणून की काय, ‘गोविंदाग्रजां’ची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता इकडच्या शाळांत जरा अधिक जिव्हाळ्याने शिकवली जाई. आमच्या सरांनी फळ्यावर ‘करुण रस’ लिहिले आणि वहीत अर्थ उतरला : पुत्रशोकाने वेडावलेली आई.

पुढे कित्येक वर्षांनी ती कविता पुन्हा काढली, ती धाकट्या बहिणीमुळे. तिचे बाळ चौथ्या दिवशी गेले. तिला टाके होते, ताप होता. तिला उठवू नका, असे मोठ्यांनी ठरवले. गुस्ल, कफन, जनाजा, सारे जोहरच्या आत आटोपले. ते गाठोडे मीच हातांवर नेले. आपण तिच्यावर दयाच केली, असे आम्हाला वाटत होते. सहा महिन्यांनी तिने विचारले, “भाईजान, त्याचे केस कसे होते?” मला सांगता आले नाही. मी पाहिलेच नव्हते.

आता कविता बघा. नवऱ्यापाठोपाठ मूल गमावलेली तरुण आई, मांडीवर बाळाचा देह, समोर तो न्यायला जमलेले लोक. बाळ निजले आहे, गलका करू नका, एवढेच तिचे मागणे. अलंकार जागोजाग आहेत. इतक्या शोकात इतकी सजावट मला खटकते. पण गडकऱ्यांनी बोलणे बहुतेक तिच्या तोंडी दिले, हे मोठे काम केले. लोक येतात ते देह न्यायला. तिच्यापाशी बसायला कोणी आलेले नाही. बहिणीला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “बाई वेडी कुठे आहे? तिला थोडा वेळ पाहिजे.” सरांच्या करुण रसापेक्षा ही समीक्षा मला खरी वाटते. आज ब्रिटनसारख्या देशांत प्रसूतिगृहातल्या परिचारिका नेमका हाच वेळ देतात. आईबापांची इच्छा असेल तर बाळ त्यांच्या कुशीत देतात, त्याच्या हातापायांचे ठसे घेऊन ठेवतात. देह काही काळ जवळ राहावा म्हणून थंड पाळणाही असतो.

आमच्याकडे दफनाची घाई मजहबची आहे, हे कबूल. पण तोंड दाखवायला कितीसा वेळ लागतो? आणि पहिल्याच तासाला ‘सब्र कर’ म्हणणाऱ्यांना आठवत नाही की तान्ह्या इब्राहिमच्या मृत्यूवर खुद्द पैगंबर रडले होते, आणि सोबत्याने नवल केले तेव्हा त्या अश्रूंना त्यांनी रहमत म्हटले होते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले. पैसा हवाच. पण काचेपलीकडे ठेवलेले आपले बाळ ज्या आईने धड कुशीतही घेतले नसेल, तिच्यापाशी बसणारे माणूस पैशात येत नाही. २०२२ मध्ये केंद्राने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना प्रसूतीनंतर लगेच बाळ दगावल्यास साठ दिवसांची विशेष रजा दिली, हे चांगलेच झाले. वीटभट्टीवर जाणारीला ती कोण देणार?

बहिणीने त्याचे नाव ठेवले आहे. दफनाच्या दिवशी आम्ही तिला तेही विचारले नव्हते.