‘मादाम बोव्हारी’तील सोमल

फ्लॉबेर हा फ्रेंच कादंबरीकार शल्यवैद्याचा मुलगा. त्याच्या ‘मादाम बोव्हारी’ची (१८५७) नायिका एमा सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, खाते. तो प्रसंग आम्ही रसायनशास्त्राच्या अंगाने पुन्हा वाचला. चित्रपटांत विष घेतलेला माणूस दोन वाक्ये बोलून कोसळतो. इथे आधी काहीच जाणवत नाही. मग ओकाऱ्या, गारठा, आचके, आणि मरण लांबत जाते. हे खरे आहे. आर्सेनिक विकरांमधील गंधकयुक्त गटांना चिकटते, पेशींची ऊर्जानिर्मिती खुंटते. याला वेळ लागतो. ओकारीच्या भांड्याच्या तळाशी नवऱ्याला पांढरी रेव दिसते, हा तपशील तर आम्हाला फारच आवडला. १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम सोमल विरघळतो, तोही सावकाश!

आक्षेप एकच. एमाच्या तोंडाला शाईची उग्र चव येते. प्रत्यक्षात सोमल जवळजवळ बेचव. चवीने तो कळत असता, तर १८३६ मध्ये जेम्स मार्शला तो ओळखण्याची रासायनिक कसोटी शोधावी लागली नसती. वर्गात हा उतारा वाचून दाखवणाऱ्या शिक्षकांनी त्या ओळीपाशी थांबून एवढे जरूर सांगावे.