शांती कोणासाठी?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. १६०८ साली येथे ठोसरांच्या घरी नारायण नावाचा मुलगा जन्मास आला आणि पुढे महाराष्ट्र त्यास समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. विवाहमंगलाच्या वेळी ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मंडपातून निघून गेला, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. परंतु त्याच रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकात, आधी प्रपंच नीट करावा आणि मग परमार्थाकडे वळावे, असा उपदेश केला आहे. घर सोडून गेलेला साधक घराकडेच बोट दाखवितो, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. एकांतात जे लाभले ते चार माणसांत उतरले पाहिजे, अशी ही कसोटी आहे. धर्म वेगळा असला तरी आपणही ती हाती घ्यावी, असा प्रसंग आज आला आहे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक सुशिक्षित मुलेमुली सांगतात की, आम्हांला अध्यात्म हवे, धर्म नको. कोणी ध्यानशिबिरास जातो, कोणी मोबाइलवरचा आवाज ऐकत श्वासाकडे लक्ष देतो. घरातील वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते, आणि त्या धास्तीपोटी ती सारेच एका टोपलीत टाकतात. ध्यान आले तेच टोपलीत, बायबलचा नवा अभ्यास तेच टोपलीत आणि प्रवचनात पाणी, जमीन, जात यांविषयी बोलणारे फादरही तेच टोपलीत. ही सगळी एकच हवा आहे आणि ती ख्रिस्तसभेपासून दूर नेते, असा त्यांचा समज होतो. आमच्या मते येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होत आहे.

प्रथम पुरोगामी ख्रिस्ती विचार म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडमध्ये १९६३ साली बिशप जॉन रॉबिन्सन यांच्या ‘ऑनेस्ट टु गॉड’ या छोट्या पुस्तकाने मोठी खळबळ उडविली. आकाशात कोठेतरी बसलेला देव ही प्रतिमा आजच्या माणसाला पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लॅटिन अमेरिकेत पेरू देशाचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ साली मुक्तीचे ईशज्ञान मांडले आणि गरिबाच्या बाजूने शुभवर्तमान वाचावयास शिकविले. दरम्यान द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५मध्ये इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य आदराने मान्य केले आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला जगाचे सुखदुःख हे ख्रिस्तशिष्यांचेही सुखदुःख आहे, अशी घोषणा केली. हे प्रवाह एकसारखे नाहीत, आणि रॉबिन्सनांची सर्व मते कॅथलिकांना पटण्याजोगी नाहीत. तथापि प्रश्न कितीही धीट असले तरी ते सारे येशू नावाच्या एका माणसाभोवती विचारले जातात. तो कधी जगला, कोणासोबत जेवला, कोणी त्याला खिळले, हे त्या विचाराला टाळता येत नाही.

आधुनिक अध्यात्माचे तसे नाही. त्याला अशा एखाद्या व्यक्तीची आणि इतिहासाची निकड नसते. त्याचा आरंभ ‘मी अस्वस्थ आहे’ येथे होतो आणि शेवट ‘मी शांत झालो’ येथे होतो. महाराष्ट्र हे तर त्याचे मोठे पीठच आहे. रजनीशांचा आश्रम पुण्यात १९७४ साली उभा राहिला. इगतपुरीस सत्यनारायण गोएंकांचे विपश्यना केंद्र १९७६ साली सुरू झाले. दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्याय होईल. विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर विनाशुल्क असते, आणि १९९४ साली तिहार कारागृहात सुमारे हजार बंद्यांनी ही साधना केली. ज्यांच्याकडे समाज पाठ फिरवितो त्यांच्यापर्यंत ती पोहोचली, हे ख्रिस्ती माणसाने मोकळ्या मनाने मान्य करावे. आमचा आक्षेप ध्यानावर नाही. ध्यान हेच अंतिम मानण्यावर आहे.

हा भेद एकाच लेखकाच्या पुस्तकांत पाहावयाचा असेल तर फादर अँथनी डिमेलो यांच्याकडे वळावे. १९३१ साली मुंबईत जन्मलेले आणि १९८७ साली निवर्तलेले हे येशूसंघीय धर्मगुरू. पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्यास गेलेल्या त्यांच्या साधना संस्थेने असंख्य धर्मगुरूंना व धर्मभगिनींना प्रार्थनेची गोडी लाविली. १९७८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक मौन, श्वास आणि शरीराची जाणीव येथून आरंभ करते. त्यापुढे ते कल्पनेच्या साहाय्याने शुभवर्तमानातील प्रसंगांत नेते, आणि अखेरीस येशूच्या भक्तीशी येऊन थांबते. पौर्वात्य साधनेच्या वाटेने निघालेला वाचक प्रभूच्या पायाशी पोहोचतो. ही रचनाच त्या पुस्तकाचे मोठेपण आहे.

त्यांच्या प्रवचनांवरून सिद्ध झालेले ‘अवेअरनेस’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० साली निघाले. भाषा विनोदी, दृष्टान्त नेमके, वाचकाला गदागदा हलविणारे. जागे व्हा, आसक्ती ओळखा, भ्रम टाका, हा त्याचा गाभा. पण ‘साधना’तील अखेरचा मुक्काम येथे अंधुक झाला आहे. येशू येथे प्रामुख्याने जागा झालेला गुरू म्हणून येतो. ज्याच्याशी बोलावे, ज्याच्यासाठी रडावे, असा प्रभू म्हणून क्वचितच. १९९८ साली कार्डिनल रॅट्झिंगर प्रमुख असताना व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने नेमका हाच भेद दाखविला: आरंभीचे लेखन सामान्यतः ख्रिस्ती साधनेच्या मर्यादेत आहे, नंतरचे हळूहळू दूर जाते. तो निर्णय कठोर वाटणारे वाचक आजही आहेत. लेखक हयात नव्हता आणि बरेच लेखन त्याच्या हातून अखेरचे तपासलेले नव्हते, हेही खरे. परंतु निर्णय बाजूस ठेवून केवळ रसिक म्हणून वाचले तरी दोन पुस्तकांतील अंतर जाणवते.

‘अवेअरनेस’मध्ये दानधर्माची जी चिकित्सा आहे ती विशेष मननीय आहे. आपण परोपकार करतो त्यामागे बहुधा स्वतःला बरे वाटावे हाच हेतू असतो, असे डिमेलो दाखवितात. हे टोचते, कारण ते खरे आहे. पण यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाचे काय? शोमरोनी वाटसरूने आपला हेतू निर्मळ झाला की नाही याची खात्री करेपर्यंत थांबावयाचे ठरविले असते, तर तो जखमी तेथेच मेला असता. येशूच्या दृष्टान्तात शोमरोन्याच्या मनाची तपासणी नाही. त्याने तेल ओतले, पट्टी बांधली आणि उतारशाळेचे पैसे दिले एवढेच आहे. मन शुद्ध करून मग सेवा, की सेवा करता करता मन शुद्ध? आधुनिक अध्यात्म आणि ख्रिस्ती पुरोगामित्व येथे वेगळे होतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाचे नि ओवीचे मराठी वाण ख्रिस्तभक्तीला दिले. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात जागा ठेविली. संस्कारांविषयीचे त्यांचे हे मत आम्हां कॅथलिकांस मान्य होणार नाही. परंतु त्यांच्या काव्यातील ‘मी’ शून्यात विरत नाही. तो ख्रिस्ताला माउली म्हणून बिलगतो आणि त्या बिलगण्यातून देशबांधवांकडे वळतो. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली म्हणजे त्या भक्तीचा घरगुती हिशेब कळतो: अनाथ, निराधार माणसे घरात येत आहेत, पैसा टिकत नाही आणि स्पर्शास्पर्शाची भिंत एका ब्राह्मण स्त्रीच्या मनात बाप्तिस्म्यापूर्वीच कोसळते आहे. ही शांतीची कथा नव्हे, ओढाताणीची आहे. म्हणूनच ती विश्वसनीय वाटते.

आणि हे आजकालचे फॅड नव्हे. जांबच्याच जिल्ह्यात, जालन्याजवळ, १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही वसाहत उभारली. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून महार-मांग कुटुंबांना तेथे आसरा दिला. शेषाद्री श्रद्धेने जुन्या वळणाचे होते; पुरोगामी हा शब्द त्यांना ठाऊकही नसेल. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे ‘सुबोध बायबल’ केले आणि हरित वसईच्या चळवळीत पाणी व शेतीसाठी लोकांबरोबर उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, २०२४ साली ते गेले. एकाच हाताने शास्त्र उलगडणे आणि शेजाऱ्याची विहीर राखणे त्यांना परस्परविरोधी वाटले नाही.

पुरोगाम्यांनाही एक इशारा द्यावयास हवा. प्रार्थना सुटली, मिस्सा ओझे वाटू लागली, पुनरुत्थान केवळ रूपक उरले, म्हणजे चळवळ राहते पण ख्रिस्त निसटतो. मग उरते ते समाजकार्य. ते चांगलेच आहे. परंतु थकल्यावर कोठे टेकावे हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी मुले ध्यानशिबिर शोधतात, तेव्हा दोष त्यांचा कमी आणि आपल्या कोरड्या उपासनेचा अधिक असतो. शिबिरातून परतलेल्या मुलाला म्हणून पहिला प्रश्न ‘तेथे का गेलास?’ असा विचारू नये. ‘तेथे तुला काय मिळाले आणि ते कोणाला देणार आहेस?’ असा विचारावा.

डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा पेत्राला तेथेच तीन मंडप घालावेसे वाटले. त्याला दोष कोण देईल? तो प्रकाश खरा होता. पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता आणि खाली राहिलेल्या शिष्यांना काही करता येत नव्हते. राफाएलने आपल्या अखेरच्या चित्रात वरचा प्रकाश आणि खालचा आक्रोश एकाच फलकावर रंगविला आहे. प्रभू मंडपात राहिला नाही; तो खाली उतरला. त्याच्यामागून डोंगर चढणारे पुष्कळ आहेत. त्याच्याबरोबर उतरणारा तो ख्रिस्ती.