सापेक्षतावादाचें जनकत्व : व्हिटॅकर यांच्या मताची तपासणी

एडमंड व्हिटॅकर यांच्या ईथर व विद्युत् यांच्या इतिहासाचा दुसरा खंड १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विशिष्ट सापेक्षतेच्या प्रकरणास पोआंकारे व लॉरेंट्स यांचीं नांवें देऊन, आइन्स्टाइन यांचा १९०५ चा निबंध म्हणजे त्या दोघांच्याच मताची थोडी वाढविलेली मांडणी, असें ग्रंथकारांनीं ठरविलें. मॅक्स बॉर्न यांनीं त्यांस परावृत्त करण्याचा यत्न केला. तो व्यर्थ गेला. ग्रंथकारांचा व्यासंग मोठा, म्हणूनच त्यांचा निर्णय पुराव्यावर घासून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम अस्सल कागदांचा कालक्रम पाहूं. समकालिकत्व ठरवावयाचें कसें, हा प्रश्न पोआंकारे यांनीं १८९८ मध्यें विचारला. लॉरेंट्स यांचा 'स्थानिक काल' म्हणजे प्रकाशसंकेतांनीं जुळविलेल्या घड्याळांचा काल, हा अर्थ त्यांनीं १९०० मध्यें लाविला. लॉरेंट्स यांचीं रूपांतर-समीकरणें १९०४ चीं. पोआंकारे यांचें त्यांवरील टिपण पॅरिसच्या अकादमीपुढें ५ जून १९०५ रोजीं आलें; आइन्स्टाइन यांचा निबंध संपादकांस ३० जून रोजीं मिळाला. हें २५ दिवसांचें अंतर वादी मंडळी मोठ्या उत्साहानें दाखवितात. परंतु टिपण बर्न येथें पोंचून निबंधापूर्वीं वाचलें गेलें, याचा पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं. आपणांस लॉरेंट्स यांचें १८९५ चें लिखाणच ठाऊक होतें, असें आइन्स्टाइन यांनीं १९५५ मध्यें लिहिलें. ही साक्ष ५० वर्षांनंतरची, तेव्हां ती जपूनच घ्यावी. शिवाय पोआंकारे यांचा १९०२ चा ग्रंथ बर्नच्या त्यांच्या मित्रमंडळांत वाचला गेला होता. निबंधांत पूर्वसूरींच्या ग्रंथांचा एकही संदर्भ नाहीं, ही तक्रारही खरी आहे.

तथापि व्हिटॅकर समीकरणें मोजतात, त्यांचा अर्थ मोजीत नाहींत. खरा काल एकच, ईथरांतील. दुसरा केवळ गणिताच्या सोयीचा, या समजुतीस चिकटून राहिल्यामुळेंच आपणांस अपयश आलें, असें खुद्द लॉरेंट्स यांनीं आपल्या ग्रंथाच्या १९१५ च्या आवृत्तींत कबूल केलें. स्वतःच्या दाव्याविरुद्ध दिलेल्या या साक्षीहून बळकट पुरावा कोणता? पोआंकारे यांनींही ईथर शेवटपर्यंत सोडला नाहीं.

जनकत्व संशयित, म्हणून सिद्धांतही संशयित, असें अनुमान काढणारेही आहेत. त्यांस हर्बर्ट आइव्ज यांचें उदाहरण पुरे. हे आइन्स्टाइन यांच्या मताचे कट्टर विरोधक; पण १९३८ मध्यें स्टिलवेल यांच्यासह वेगवान हायड्रोजन-कणांचा प्रकाश तपासतां त्यांस आढळलें तें कालाचें मंदावणेंच. आइव्ज यांनीं तो लॉरेंट्स यांचा विजय मानला. समीकरणें दोन्ही पक्षांस समाईक असल्यामुळें प्रयोगानें सिद्धांत टिकतो, जनक मात्र ठरत नाहीं.

व्हिटॅकर यांच्या रागास कारण नव्हतें, असें आम्ही म्हणत नाहीं. १९१३ च्या जर्मन संग्रहांत लॉरेंट्स, आइन्स्टाइन व मिंकोव्हस्की होते, पोआंकारे नव्हते. १९२० मध्यें कलकत्ता विद्यापीठानें मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांचीं इंग्रजी भाषांतरें छापलीं, त्यांतही आइन्स्टाइन व मिंकोव्हस्की यांचेच निबंध आहेत. पोआंकारे यांचा १९०६ चा विस्तृत निबंध पालेर्मो येथील गणित-मंडळाच्या अंकांतच राहिला, आणि आपल्याकडील अभ्यासकांनीं या विषयाचा आरंभ कलकत्त्याच्या त्या पुस्तकावरून केला.