सूचनापुस्तिकांची मराठी

संगणकाच्या सूचनापुस्तिकांची गणना वाङ्मयांत कोणी करीत नाहीं, आणि म्हणून त्यांची समीक्षाही होत नाहीं. परंतु कादंबरी वाईट निघाली तर वाचक ती मिटून ठेवतो. सूचनापुस्तिका वाईट निघाली तर त्याचें काम नासतें. तेव्हां टीकाकारानें या ग्रंथप्रकाराकडे पाठ फिरविणें बरें नव्हे.

बिबवेवाडींत आमच्या शेजारीं राहणारे एक गृहस्थ मार्केट यार्डांतील एका अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहितात. वय साठीच्या घरांतलें, मराठी उत्तम, इंग्रजी बेताचें. पेढीवर नवा हिशेबाचा कार्यक्रम आला, तेव्हां त्याची मराठी पुस्तिका घेऊन ते एके सायंकाळीं आमच्याकडे आले. दिवसभराच्या नोंदी नाहींशा झाल्या होत्या. पुस्तिकेंत वाक्य होतें : नोंद पूर्ण झाल्यावर जतन करा निवडा. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, जतन करा हें कळलें, पण निवडावयाचें काय?" आज्ञा दोन आहेत असें समजून त्यांनीं नोंदी निवडल्या, आणि पुढची कळ दाबतांच त्या पुसल्या गेल्या.

येथें चूक कोणाची? इंग्रजींत असें वाक्य सहसा फसवीत नाहीं, कारण कळीच्या नांवाचें पहिलें अक्षर थोरलें असतें. देवनागरींत थोरलीं-धाकटीं अक्षरें नाहींत. त्यांतून 'जतन करा' हें नांवच आज्ञार्थी. तें वाक्यांत मिसळलें कीं नांव कोणतें आणि सूचना कोणती हें ओळखावयास खूण उरत नाहीं. दुसरी अडचण विभक्तीची. पडद्यावर 'फाइल' असते, पुस्तिका 'फायलींत जा' म्हणते. जाणत्यास यांत कांहीं वाटत नाहीं. नवखा मात्र 'फायलींत' हीं अक्षरें पडद्यावर शोधीत बसतो.

परिभाषेचा दोष याहून मोठा. त्याच पुस्तिकेंत एका पानावर 'फाइल', दुसऱ्यावर 'संचिका' आणि तिसऱ्यावर 'धारिका' आढळली. एकच शब्द पुनःपुन्हां येऊं नये हें निबंधाचें शील आहे. सूचनापुस्तिकेंत तेंच दुर्गुण ठरतें. तेथें तीन शब्द म्हणजे तीन वस्तू. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द नेमून देण्यासाठीं. त्यांतले सगळेच शब्द रुळले नाहींत. पण व्यवहाराचे शब्द आधीं ठरवावे लागतात, ही त्यामागची जाण आजही उपयोगी आहे.

'जतन' ऐवजीं 'सेव्ह' ठेवा म्हणजे घोटाळा मिटेल, असें कोणी म्हणेल. या एका वाक्यापुरता तो मिटेलही. परंतु 'जतन' हा सुंदर शब्द निरपराध आहे. अपराध मांडणीचा आहे.

उपायही अवघड नाहीं. युनिक्स प्रणालीच्या पुस्तिकांत जें जसेंच्या तसें टंकावयाचें तें ठळक छापतात आणि ज्याच्या जागीं वाचकानें आपलें कांहीं घालावयाचें तें तिरप्या टाइपांत. आपल्या शिरोरेघेच्या लिपीस तिरपा टाइप परकाच, तो सोडावा. पण एकोणिसाव्या शतकांत मेजर कँडींनीं मराठींत रुजविलेलीं विरामचिन्हें आपल्या हातीं आहेत. पडद्यावरील प्रत्येक नांव अवतरणचिन्हांत घालावें, त्याचें रूप बदलूं नये, आणि प्रत्यय पुढच्या सामान्यनामास लावावा : 'जतन करा' ही कळ दाबा; 'फाइल' या यादींत जा. प्रारंभीं एक पानभर शब्दसूची द्यावी आणि अखेरपर्यंत ती पाळावी. एवढ्यानें आमच्या शेजाऱ्यांचा दिवस वांचला असता.

जातांना ते ओशाळून म्हणाले, "आमचेंच अज्ञान, दुसरें काय!" आम्हांस खरें दुःख झालें तें या उद्गाराचें. नोंदी दुसऱ्या दिवशीं पुन्हां लिहितां आल्या. परंतु चाळीस वर्षें चोख हिशेब ठेवणाऱ्या माणसास आपल्याच भाषेंत आपण अडाणी आहों असें वाटावयास लावणें, हा त्या पुस्तिकेचा दोष आम्हीं अक्षम्य मानतों.