रस्त्याची शस्त्रक्रिया आणि एका दिवसाचा महाराजा

दिवाळी अंकातल्या टीकालेखकाने एखादी गाजलेली कादंबरी किंवा नवा कवितासंग्रह हाती घ्यावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो मोडून मी आज एक अहवाल हाती घेत आहे. अहवाल म्हटले की वाचकाच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्याकडचे बहुतेक अहवाल कोणी वाचावेत म्हणून लिहिलेलेच नसतात. ते सादर करण्यासाठी लिहिलेले असतात. परंतु १९१८ साली इंदूरच्या होळकर दरबाराला सादर झालेला पॅट्रिक गेडिस यांचा दोन भागांतला अहवाल याला अपवाद आहे. नगररचनेकडून नगरविकासाकडे, असा त्याच्या इंग्रजी नावाचा आशय. रस्ते, बोळ, नाले, नदी आणि बागा हे त्याचे विषय. तरीही तो वाचताना आपण माणसांविषयी वाचत आहोत, ही जाणीव सुटत नाही. साहित्याकडून तरी आपण याहून वेगळे काय मागतो?

गेडिस हे मूळचे इंजिनियर नव्हेत. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा माणूस जीवशास्त्र शिकला, पण त्याने पदवी घेतली नाही. पुढे डंडी येथे तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८८०च्या दशकात एडिंबरोच्या जुन्या, कळकट वस्तीत तो बायकोसह राहायला गेला आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून घरे दुरुस्त करू लागला. १९१४ साली तो नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाला, तर प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. त्याने नवे सामान जमवून मद्रासला प्रदर्शन भरवलेच. १९१७ साली त्याचा थोरला मुलगा महायुद्धात कामी आला आणि काही आठवड्यांतच पत्नी कलकत्त्यात निवर्तली. इंदूरचे काम याच काळातले. पुढे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हणून तो आपल्या शेजारीही नांदून गेला. इतके सांगितले ते एवढ्याचसाठी, की अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती नकाशा असला तरी त्याची नजर झाडे आणि जिवंत पेशी पाहून तयार झालेली होती.

ही नजर अहवालात कशी उतरते ते पाहा. अरुंद रस्ता रुंद करायचा म्हटले की नकाशावर पट्टी ठेवून दोन सरळ रेघा ओढायच्या आणि मध्ये येईल ते पाडायचे, ही सर्वांत सोपी रीत. रेघेला डोळे नसतात. तिच्या आड विहीर आली काय, पार आला काय, तीन पिढ्यांचे घर आले काय, तिला सर्व सारखेच. गेडिस यांनी याच्या उलट रीत सांगितली. आधी गल्लीतून पायी हिंडायचे, पुन्हा पुन्हा हिंडायचे. कोणते घर खरोखर पडायला आले आहे, कोणते थोड्या डागडुजीने आणखी पन्नास वर्षे उभे राहील, हे एकेक पाहायचे. मग पडके तेवढे काढून तिथे लहानसे मोकळे आवार करायचे, एखादी भिंत हातभर मागे घ्यायची, मोकळ्या जागी झाड लावायचे. अशाने बोळाला हवा मिळते, उजेड मिळतो आणि राहणारे लोक राहत्या जागी राहतात. या रीतीला त्यांनी दिलेल्या नावाचे मराठीत ‘जपणुकीची शस्त्रक्रिया’ असे करता येईल. निष्णात शल्यवैद्य रोगट भागच काढतो; पाय दुखतो म्हणून माणूस कापत नाही.

टीकेच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ही केवळ बांधकामाची रीत नाही; ती लिहिण्याचीही रीत आहे. कादंबरीकार म्हणून मला तिची ओळख पटते. ‘शंभर घरे बाधित’ असे लिहिणारा एक लेखक असतो आणि एकेका घराच्या दारात थांबणारा दुसरा. पहिल्याचे गणित चुकत नाही, पण त्याच्या पानावर कोणी राहत नाही. आजच्या कामकाजी भाषेत ‘अतिक्रमण’, ‘अडथळा’, ‘बाधित मालमत्ता’ असे शब्द आहेत. या शब्दांनी ओटा नाहीसा होण्यापूर्वीच त्यावर बसणारी आजी नाहीशी होते. गेडिस यांच्या भाषेत विहीर ही बायकांच्या गाठीभेटीची जागा राहते आणि झाड हे सावलीचे माणूस राहते. स्थळ, काम आणि लोक ही तीन पदे ते सतत एकत्र मांडतात. त्यांतले तिसरे गळले तर पहिल्या दोघांना अर्थ उरत नाही, हा त्यांच्या साऱ्या लेखनाचा कणा आहे.

आता दिवाळीची गोष्ट. इंदुरात तेव्हा प्लेगची धास्ती होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. उंदीर अडगळीत, पडक्या भिंतीत आणि सांडलेल्या धान्यावर पोसतात. तेव्हा घर झाडणे आणि भिंती लिंपणे हाच त्या काळी मोठा उपाय होता. परंतु नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या गोऱ्या माणसाला पाहून लोक आपापली दारे लावून घेत. हा आपली घरे पाडायला आला आहे, अशी त्यांची समजूत. गेडिस यांनी महाराजांकडे एक अजब मागणी केली: मला एक दिवस महाराजा करा. तुकोजीराव होळकरांनी ती मान्य केली. मग दवंडी पिटली गेली की, यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून सज्ज होतील, त्याच रस्त्याने ती जाईल. झाले! गल्लीगल्लीत चुरस लागली आणि अडगळ भरभरून गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, मोडक्या घरांचे देखावे होते. त्यांच्यामागून पांढरे स्वच्छ कपडे घालून, नव्या झाडूंना फुले बांधून शहराचे झाडूवाले चालले होते. नगरदेवता होती, बागांचे देखावे होते, वाटायला तुळशीची रोपे होती. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले.

गोष्ट मोठी गोड आहे, आणि म्हणूनच ती जपून वाचली पाहिजे. एक तर ती बहुतांशी गेडिस यांच्याच तोंडून आपल्याकडे आली आहे. १९२७ साली अमेलिया डिफ्रीज यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकात ती सापडते. आपल्या कथेत आपणच नायक असलो की बाकीची पात्रे जरा जास्तच टाळ्या वाजवतात. पण माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. झाडूला फूल बांधले, हे चांगलेच झाले. दुसऱ्या दिवशी तो झाडू पुन्हा त्याच हातात, त्याच जातीच्या हातात राहिला, त्याचे काय? इथे मराठी वाचकाला गाडगेबाबांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. बाबांनी झाडूची मिरवणूक काढली नाही. दिवसा त्यांनी तो स्वतःच्या हातात घेऊन गावचे रस्ते झाडले आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभे करून प्रश्न विचारले. गेडिस झाडूवाल्याला मान देतात. गाडगेबाबा त्याचे काम वाटून घेतात. हे अंतर लहान नाही, आणि अहवालाच्या सर्व थोरपणातही ते भरून निघत नाही.

आणखी दोन दोष सांगितले पाहिजेत. हा अहवाल दरबारासाठी इंग्रजीत लिहिला गेला. ज्यांच्या बोळांविषयी तो इतक्या मायेने बोलतो, त्यांतल्या फारच थोड्यांना तो वाचता आला असेल. लोकांसाठी लिहिणे आणि लोकांना लिहिणे यांत हा फरक आहे. दुसरा दोष लेखनशैलीचा. गेडिस यांना थांबता येत नाही. रस्त्यावरून निघालेला हा गृहस्थ दुसऱ्या भागात विद्यापीठ कसे असावे यावर मैलभर चालत राहतो. कडक संपादक भेटता तर अहवाल निम्मा झाला असता आणि दुप्पट वाचला गेला असता.

असे असूनही मी हा अहवाल आज का काढून बसलो? कारण आपल्या लहान शहरांतून सध्या रस्ते आणि पदपथ यांच्या सुधारणेची कामे जोरात चालू आहेत. स्वतः इंदूरने २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळवला. ही गोष्ट गेडिस यांना सुखावून गेली असती. पण २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेत त्याच इंदूरच्या जुन्या पेठांतले रस्ते रुंद करण्यासाठी घरांचे पुढचे भाग पाडले गेले, हे पाहून त्यांनी काय लिहिले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पदपथाचेच घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शक नियम सांगतात की, चालायला किमान १·८ मीटर मोकळी जागा असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी. नियम चांगला आहे. आता आपल्या गावचा पदपथ आठवा. तो रंगमंचासारखा उंच असतो. प्रत्येक फाटकापाशी तो उतरतो आणि पुढे पुन्हा चढतो. मध्ये विजेची पेटी, फलकाचा खांब, आणि झाडाच्या बुंध्याला गळफास लावल्यासारखे सिमेंट. गुडघे दुखणारी आजी आणि दप्तर घेतलेले पोर मुकाट्याने खाली रस्त्यावरून चालतात, आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. शिस्त नाही ती आराखड्याला. ज्याने तो काढला तो त्यावरून एकदाही चालला नाही, हे प्रत्येक फाटकापाशी वाचता येते.

भाजीवालीचेही तसेच. ती एस. टी. स्थानकाबाहेर बसते, कारण गिऱ्हाईक तिथे उतरते. तिला गावाबाहेरच्या ओट्यावर नेऊन बसवले, तर आठ दिवसांत ती परत येते आणि ‘अतिक्रमण’ ठरते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांची पाहणी करावी, नगर पथविक्रेता समितीत त्यांचेच निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत, असे सांगितले आहे. म्हणजे गेडिस यांना जे दरबाराकडून मागून घ्यावे लागले, ते आज कायद्यानेच देऊ केले आहे. एका दिवसाच्या महाराजाची आपल्याला गरज नाही. गरज आहे ती आराखडा मराठीत, मोठ्या अक्षरांत, चौकात लावण्याची. आणि तो लावण्यापूर्वी आराखडा करणाऱ्याने ती वाट एकदा भर दुपारी आणि एकदा शाळा सुटताना चालण्याची.

साहित्यकृतीची परीक्षा करताना आपण विचारतो, हिच्यात माणूस जिवंत आहे का? रस्त्याच्या आराखड्याला हाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? त्या कसोटीवर शंभर वर्षांपूर्वीचा हा पाल्हाळिक, हट्टी, काहीसा आत्मप्रौढ अहवाल आजच्या कितीतरी गुळगुळीत कागदांहून सरस उतरतो. यंदा दिवाळीच्या फराळाची ताटे घेऊन गल्लीतून जाताना वाचकांनी पायाखाली जरा पाहावे. शेजारच्या आजीच्या दारापर्यंत ठेच न लागता पोहोचता आले, तर गावचा आराखडा साधला. आणि त्या दारापुढचा ओटा अजून जागेवर असला, तर तो चांगला लिहिलाही गेला, असे खुशाल समजावे.