‘कोबाल्ट ब्लू’तील विरह

सचिन कुंडलकर यांची ही कादंबरी २००६ साली निघाली, तेव्हा पुरुषा-पुरुषांतील देहसंबंध दंडविधानाच्या ३७७व्या कलमान्वये अपराध होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कलंक २०१८ साली पुसला. परंतु रसास निकालपत्र लागत नाही. घरी राहावयास आलेल्या एकाच अनामिक तरुणावर तनय व अनुजा ही भावंडे जीव जडवितात. तो दोघांनाही सोडून जातो. साक्षी दोन, ज्याच्याविषयी साक्ष, तो मात्र गैरहजर. त्यामुळे ते पात्र धूसर राहते हे खरे. पण विरहास बळ येते तेही त्यामुळेच. विरहिणी होऊन विठ्ठलास आळविणाऱ्या ज्ञानोबांच्या विराण्या देवळात ऐकणाऱ्या भालकीकरास तनयची हाक परकी का वाटावी? शृंगाराच्या ओढीने कोणी हे पुस्तक उघडले तर खुशाल उघडावे. ते उशीखाली दडविण्याचे मात्र कारण नाही.