शब्द दिला तेव्हा

फ्रीडरिख ड्यूरेनमाट या स्विस लेखकाच्या ‘वचन’ (१९५८) या छोट्या कादंबरीत एका जागी मी दर वेळी थांबतो. झ्युरिकजवळच्या एका गावाबाहेर, रानात, ग्रिटली मोझर या लहान मुलीचा खून झालेला असतो. आईबापांना सांगायला कुणीच धजत नाही. शेवटी इन्स्पेक्टर मथेई जातो. मारेकऱ्याला शोधून काढीन असं वचन आई त्याच्याकडे मागते आणि तो ते देतो. का देतो? त्या क्षणी त्याला फक्त तिथून निघायचं असतं, असं ड्यूरेनमाट स्वच्छ लिहितो. पण आई तेवढ्यावर सोडत नाही, आत्म्याच्या मुक्तीची शपथ घालते. सुटका व्हावी म्हणून दिलेला शब्दच मथेईला जन्माचा बांधून टाकतो.

न सुटलेल्या खुनाने झपाटलेले पोलीस नॉयर कथांमध्ये पुष्कळ भेटतात. जेम्स एलरॉयच्या ‘द ब्लॅक डालिया’मधला (१९८७) बकी तर मेलेल्या तरुणीतच गुंतत जातो. मथेईचं वेड मला त्याहून भयंकर वाटतं, कारण ते हिशेबी आहे. तासन्‌तास चौकशी झाल्यावर एक फेरीवाला गुन्हा कबूल करतो, कोठडीत गळफास घेतो आणि पोलिसांपुरतं प्रकरण मिटतं. जॉर्डनला निघालेला मथेई विमानतळावरून परत फिरतो. ग्रिटलीने शाळेत काढलेलं एक चित्र त्याच्या हाती लागतं: धिप्पाड माणूस, काळी गाडी, छोटे काटेरी प्राणी. ते काटेरी प्राणी म्हणजे चॉकलेटं, हे तो ओळखतो. मारेकरी कुठल्या रस्त्याने येत-जात असणार, हेही ताडतो. त्या रस्त्यावर पेट्रोलपंप घेतो आणि ग्रिटलीसारखी दिसणारी अनमारी नावाची मुलगी आईसकट घरात आणून ठेवतो. आमिष म्हणून. पोरीला यातलं काहीही ठाऊक नसतं.

त्याचा तर्क तंतोतंत खरा असतो. मारेकरी अनमारीकडेच निघालेला असतो, पण वाटेत गाडीच्या अपघातात मरतो. मथेईला हे कळत नाही; तो वाट पाहत राहतो. हीच गोष्ट ड्यूरेनमाटने आधी चित्रपटासाठी लिहिली होती आणि पडद्यावर मारेकरी सापडतो. तो शेवट त्याला पटला नाही, म्हणून त्याने कादंबरी लिहिली.

समीक्षक इथे योगायोगाने तर्कावर केलेली मात पाहतात. ते बरोबरच आहे. पण मला या पुस्तकाचं काळीज अनमारीत दिसतं. पहिल्याच पानांत आपण त्या पंपावर पोचतो. दारूचा वास मारणारा, दाढी वाढलेला म्हातारा बाकावर बसून रस्त्याकडे एकटक बघतोय. हाच मथेई पूर्वी दारू-सिगारेटला शिवत नसे. आत एक मुलगी गिऱ्हाइकं सांभाळते. निवेदकाला ती तिशीची वाटते. ती सोळा वर्षांची असते.

दुसऱ्यांदा वाचाल, तेव्हा ही सुरुवातीची पानं सावकाश वाचा.